आईच्या हिरड्या

सावेडीत पाइपलाईन रोडला डॉक्टर निकिता मॅडमचा दातांचा दवाखाना आहे. तिथं गेलात की मॅडमच्या आधी तुम्हाला सत्यशीला भेटते. भेटते कसली, तुम्ही तिच्या तावडीत सापडता. केसपेपर काढता काढता ती विचारते, "तंबाखू?" माणूस छातीवर हात ठेवून म्हणतो, "छे, छे." मग ती नजर न उचलता म्हणते, "मग खिशातली पुडी कुणाची, शेजाऱ्याची का?" माणूस ओशाळून हसतो आणि पुडी बाहेर काढून टेबलावर ठेवतो. तेरा वर्षं हे असं चाललंय. मॅडमनी कधी तिला टोकलं नाही, कारण खेड्यापाड्यातली निम्मी गर्दी सत्यशीलाच्या या बोलण्यावरच टिकून आहे.

मॅडमचा हात हिरड्यांच्या कामात चांगला. नुसते दात घासून चकचकीत करणं वेगळं आणि हे वेगळं. हिरडी सुजून दातापासून सुटलेली असते, आत खोल कप्पे झालेले असतात, त्यात वर्षानुवर्षांचं कीट दगडासारखं बसलेलं असतं. मग भूल द्यायची आणि हिरडीच्या खाली जाऊन, बारीक आकड्यासारख्या हत्यारांनी दाताचं मूळ खरवडून काढायचं. तोंडाचे चार भाग करायचे, एका वेळी एकच भाग. म्हणजे चार खेपा. लोक याला डीप क्लीनिंग म्हणतात आणि दुसऱ्या खेपेला निम्मे लोक गायब होतात, कारण सगळ्या जिल्ह्याची पक्की समजूत आहे की दात साफ केले की ते हलायला लागतात.

त्यांना धरून ठेवायचं काम सत्यशीलाचं. "काका, बोअरच्या पाण्यानं हंड्याला पांढरा खर धरतो की नाही? तो खर काढला आणि हंडा गळला, तर हंडा आधीच फुटका होता. खराचा काय दोष?" असं ती खुर्चीशेजारी बसून, हळू आवाजात, पेशंटच्या खांद्यावर हात ठेवून सांगायची. भूल द्यायची वेळ आली की तिचा हात धरून बसलेले गडी तिनं किती पाहिले असतील. कुणाच्या तोंडाला कसलाही वास येवो, तिनं कधी नाक मुरडलं नाही. माणसानं आधीच लाजून तोंड उघडलेलं असतं, त्याला आणखी कशाला लाजवायचं, असं ती म्हणायची.

आणि या बाईनं तेरा वर्षांत स्वतःच्या आईचं तोंड एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.

आई म्हणजे चांगुणाबाई. शेवगावच्या पुढं, बोधेगावच्या अंगाला, त्यांची वाडी. जमीन आहे, पण पाणी नाही. बाजरी निघाली की घरातली माणसं कोयता घेऊन ऊस तोडायला बाहेर पडायची ती चैत्र लागेपर्यंत. चांगुणाबाई आणि त्यांचा नवरा सहादेव यांनी अशा चोवीस खेपा केल्या. सहादेव गेला आणि चांगुणाबाई गुडघे धरून घरी बसल्या. आता त्या साठीच्या पुढं गेल्या आहेत, मुलाजवळ राहतात. त्यांना एकच व्यसन, मिसरीचं. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि दिवसातून पाच-सहा वेळा बोटानं हिरड्यांना चोळायची. त्या भागातल्या निम्म्या बाया हेच करतात आणि त्याला कुणी व्यसन म्हणत नाही. चहा पितो तसं ते.

सत्यशीलाची मुलगी मोनिका सहा महिन्यांची झाली तेव्हा सावेडीतल्या भाड्याच्या घरात तिचं उष्टावण केलं होतं. सत्यशीलाला दवाखान्यात लागून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं, आणि वर्षभरात माणसाला जेवढं कळतं त्याच्या दुप्पट आपल्याला कळतं असं तिला वाटत होतं. निकिता मॅडम जेवायला आल्या होत्या. सासूबाई, नणंदा, शेजारच्या बाया. चांगुणाबाई सकाळच्या एसटीनं आल्या. आल्या त्या पाय धुऊन थेट नातीला उचलायला धावल्या, आणि तिच्या गालावर तोंड टेकवलं.

"आई, तोंड लांब घे आधी!" सत्यशीला सगळ्यांसमोर म्हणाली. "शी! किती घाण वास येतोय. लेकराला काही होईल." आणि तिनं पोर आईच्या हातातून काढून घेतली.

चांगुणाबाई म्हणाल्या, "व्हय गं बाई, खरंच की." थोडं हसल्या. मग मोरीत जाऊन बराच वेळ चुळा भरत राहिल्या. दुपारी त्यांनी नातीला लांबूनच चांदीची वाळी दाखवली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेल्या. सत्यशीला बोलून मोकळी झाली होती. चार दिवसांनी तिला विचारलं असतं, तर ती असं काही बोलली होती हे तिला आठवलंही नसतं.

त्यानंतर चांगुणाबाई वर्षातून दोनदा-तीनदा नगरला यायच्या. पाटीवर आता अहिल्यानगर झालंय, पण चांगुणाबाई नगरच म्हणायच्या. आल्या की दारापाशी बसायच्या, आणि पदर तोंडाला. बोलायचं ते पदराआडून, तेही एका-दोन शब्दांत. "बरंय." "जेवले." "न्हाई, नको." सत्यशीलाचा नवरा कानिफनाथ, एमआयडीसीत नोकरीला, सरळ माणूस. त्याला याचं कौतुक वाटायचं. "मामी अजून जुन्या वळणाच्या आहेत," म्हणायचा. त्यांच्याकडे जावयासमोर सासू अशी मर्यादा राखते, त्यामुळे यात कुणाला वावगं वाटायचं कारण नव्हतं. सत्यशीला तर मैत्रिणींना हसून सांगायची, "आमची आई माझ्या नवऱ्याला लाजते."

फोनवर मात्र चांगुणाबाई तासभर बोलायच्या. कुणाची गाय व्याली, कुणाची सून रुसून गेली, बोरीला किती बोरं लागली, सगळं. आईला फोन मानवतो, एवढंच सत्यशीलाला वाटायचं. मोनिका मोठी होत होती. ती एकदा म्हणाली, "आजी माझ्याशी फोनवरच का बोलते? घरी आली की गप्प का बसते?" सत्यशीला म्हणाली, "वय झालंय गं तिचं."

गेल्या माघात कानिफनाथ कंपनीतल्या एकाच्या लग्नाला बोधेगावला गेला होता. सासुरवाडी जवळच, म्हणून दोन तास तिकडं डोकावला. परत आला आणि मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवायला लागला. तुरीच्या शेंगा उकडायला ठेवल्या होत्या. चुलीपुढं चांगुणाबाई बसलेल्या. कानिफनाथला कसलीतरी गोष्ट सांगत होत्या, मुकादमाच्या बैलानं मुकादमालाच कसं उसात लोळवलं त्याची. सांगता सांगता त्या इतक्या हसायला लागल्या की त्यांना पुढचं बोलवेना. तोंड पूर्ण उघडं. दात काळे, लांब झालेले, खालचा एक पडलेला. पदर डोक्यावर होता. तोंडावर नव्हता.

"आजी एवढी हसते?" मोनिका म्हणाली.

सत्यशीला पोळ्या लाटत होती. ती लाटणं घेऊन तशीच बाहेर आली. "आईनं तुमच्यासमोर पदर नाही घेतला?"

"नाही की," कानिफनाथ म्हणाला. "तिकडं कधीच नाही घेत. मागं दिवाळीला गेलो तेव्हाही नव्हता घेतला. इथं आल्यावर तेवढा घेतात."

तव्यावरची पोळी करपली तरी सत्यशीला जागची हलली नाही. इथं आल्यावर. म्हणजे जावयाला नाही, पाहुण्यांना नाही. इथं दुसरं कोण होतं? तिला तो मोरीतल्या चुळांचा आवाज आठवला. बारा वर्षांत तो कधी आठवला नव्हता, आता एकदम कानाशी आला. त्या चुळा बराच वेळ चालल्या होत्या आणि ती पोरीला मांडीवर घेऊन मॅडमना जिलबी वाढत होती. सत्यशीला ओट्याला टेकून रडली. मोनिकानं विचारलं तर तिनं धुराचं नाव सांगितलं.

तिला रडू येण्याचं आणखी एक कारण होतं, ते तिनं कानिफनाथलाही सांगितलं नाही. आईच्या हिरड्यांना काय झालंय हे तिला तेव्हाच कळलं होतं. उष्टावणाच्या दिवशीच. तो वास कशाचा, हे दवाखान्यात काम करणाऱ्या बाईला कळणार नाही का? हा आजार आहे, बरा होतो, रोज तिच्या डोळ्यांसमोर बरा होत होता. तरी तिनं आईला कधी खुर्चीवर आणून बसवलं नाही, कारण मॅडमना आपल्या आईचं तोंड दिसू नये असं तिला वाटत होतं. परक्यांच्या तोंडाची तिला कधी लाज वाटली नाही. आईच्याच वाटली.

पुढच्या रविवारी ती वाडीवर गेली. चांगुणाबाई अंगणात गवऱ्या थापत होत्या. लेक दिसताच त्यांचा शेणाचा हात थांबला आणि दुसऱ्या हातानं पदर वर गेला.

"आई, तुला नगरला यायचंय. हिरड्या साफ करायच्या."

"आता कशाला? साठी झाली. एक पडला, बाकीचे बी गळतील," पदराआडून उत्तर आलं.

सत्यशीलाला तिथंच पाय धरावेसे वाटले. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "मॅडमनी बोलावलंय तुला. मुद्दाम."

लेकीच्या मालकिणीचा शब्द चांगुणाबाई कशा मोडतील? त्या तयार झाल्या. चार खेपांसाठी महिनाभर राहायचं ठरलं.

रक्तातली साखर तपासून झाली, ती ठीक निघाली. मग चांगुणाबाई खुर्चीवर बसल्या. मॅडमनी दिवा वळवला. चांगुणाबाईंनी पदर घट्ट धरला होता. त्या सत्यशीलाकडं न बघता म्हणाल्या, "शिले, तू भाईर जा ना. दुसरी पोरगी न्हाई का?"

"दुसरं कुणी नाही, आजी," मॅडम म्हणाल्या. "आणि ही असली की मला काळजी नसते."

सत्यशीलानं मास्क चढवला, चष्मा लावला. चांगुणाबाईंनी तिरक्या नजरेनं पाहिलं. "मास्क लावला व्हय? मग बरं झालं," म्हणाल्या आणि पदर सोडला.

सत्यशीला हातात पेन घेऊन उभी राहिली, कारण आता मोजणी होती. मॅडम बारीक सळई हिरडी आणि दाताच्या मधे सोडून खोली मोजतात आणि आकडा बोलतात, सत्यशीला तो तक्त्यात भरते. तीनपर्यंत चांगलं. हजारो तक्ते तिनं भरले असतील, बोलता बोलता, कधी कधी संध्याकाळच्या भाजीचा विचार करत.

"सहा," मॅडम म्हणाल्या. "सात. सात. रक्त. पाच. आठ."

आठ तिनं लिहिला तेव्हा पेन कागदात रुतलं. वरची उजवी बाजू, वरची डावी, खालची. एकेका दाताचे सहा आकडे. चांगुणाबाई छताकडं बघत होत्या आणि त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यातून रक्ताची लाळ वाहत होती, ती सत्यशीलानं कापसानं टिपली. इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदाच आईच्या ओठाला हात लावला होता.

"मिसरी कधीपासून लावता, आजी?" मॅडमनी विचारलं.

"लई झालं. ही पाच वरसाची व्हती तवापून." चांगुणाबाईंनी तोंडातलं पाणी थुंकून टाकलं. मॅडमशी बोलताना त्या मोकळ्या बोलत होत्या. "हिला शाळेत घालायची म्हनून राहीबाईकडं ठिवली, माझ्या भयनीकडं, आन् आमी कारखान्याला गेलो. पोरगी गाडीमागं पळत आली व्हती. तळावर गेल्यावर भाकर गिळंना. घास त्वांडात घ्यावा अन् रडू यावं. मोळ्या वाहायच्या म्हंजी पोटात काय तरी पायजे ना. तर तिथं बनुबाई व्हती, ती म्हनली, मिसरी लाव, जीव गुंगतो. लावली. गुंगला जीव. मग लागलंच ते."

मॅडम म्हणाल्या, "बघा, आता सोडायची." त्यांना दुसरं काय म्हणता येणार होतं? सत्यशीला पाणी ओढायची नळी धरून उभी होती. चष्म्याच्या आतून तिला काही नीट दिसत नव्हतं. आपण गाडीमागं पळालो होतो हे तिला अजिबात आठवत नव्हतं. त्या शाळेमुळंच आज ती इथं मास्क लावून उभी होती.

पहिली खेप झाली. दुसरी झाली. भूल उतरली की ठणकायचं, गार पाणी झोंबायचं. कीट निघाल्यावर दातांमधे फटी दिसायला लागल्या. चांगुणाबाई आरशात बघून घाबरल्या. "दातं लांब झाल्यात गं. हालत्यात का काय," त्या पदराआडून म्हणाल्या. सत्यशीलानं त्यांच्याशेजारी बसून तो बोअरच्या पाण्याचा आणि हंड्याचा दाखला सांगितला, हळू आवाजात, रोज सांगते तसा. हिरडीची सूज उतरली म्हणून दात लांब दिसतात, सहा आठवड्यांत हिरडी दाताला धरेल, मीठपाण्याच्या गुळण्या करायच्या, मऊ ब्रश वापरायचा.

चांगुणाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तू दवाखान्यात लोकांना आसंच सांगती?"

"हो."

"लई ग्वाड बोलती गं तू लोकांशी."

त्यांच्या मनात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कौतुक वाटलं होतं. पण सत्यशीलाला ते शब्द दिवसभर पुरले.

मिसरी सुटणं सोपं नव्हतं. डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, चिडचिड व्हायची. तिसऱ्या खेपेच्या आधी एका सकाळी सत्यशीला कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली, तर टाकीच्या आडोशाला चांगुणाबाई बोट तोंडात घालून बसलेल्या. लेकीला पाहून त्यांनी झटक्यात बोट पदराला पुसलं. "शेवटची व्हती," म्हणाल्या, चोरी पकडलेल्या पोरीसारख्या. सत्यशीलाच्या जिभेवर आलं होतं, काय गं आई, एवढा खर्च, एवढा त्रास, आणि तू! ते तिनं गिळलं. बादली खाली ठेवून ती आईजवळ बसली. तिला म्हणायचं होतं, त्या दिवशी मी बोलले ते चुकलं. बारा वर्षं तू हे घेऊन बसलीस आणि मला कळलंही नाही. पण पेशंटशी पोपटासारखं बोलणारी बाई आईपुढं मुकी झाली. मग चांगुणाबाईच म्हणाल्या, "उठ, कापडं वाळंनाशी व्हतील."

चार खेपा संपल्या. चांगुणाबाई गावी गेल्या आणि सहा आठवड्यांनी पुन्हा मोजणीला आल्या. मधल्या काळात त्यांनी मिसरीला हात लावला नव्हता. बडीशेप चघळून दिवस काढले, असं सून फोनवर म्हणाली. ती खोटं बोलणारी नव्हती.

त्या दिवशी सत्यशीलानं सकाळपासून मनाशी ठरवलं होतं. आकडे उतरले, तोंड स्वच्छ झालं, वास गेला, की मग आईला पदराचं कारणच उरणार नाही. मग ती मोनिकाला जवळ घेईल, मुकादमाच्या बैलाची गोष्ट सांगेल आणि आपल्यालाही सांगेल. दुसरं काही तिला नको होतं. दवाखान्यात तिनं हे शंभरदा पाहिलं होतं. तोंडावर हात ठेवून आलेली माणसं हात खाली घेऊन जातात. आईचंही तसंच होईल, यात तिला शंका नव्हती.

"तीन," मॅडम म्हणाल्या. "दोन. तीन. चार. तीन. तीन."

सत्यशीला लिहीत होती. खालच्या एका दाताचा पाच राहिला होता, बाकी सगळे खाली आले होते. हिरड्या फिक्या गुलाबी दिसत होत्या, घट्ट. मॅडमनी आरसा चांगुणाबाईंच्या हातात दिला. "आजी, बघा. हे तोंड तुमचंच आहे."

चांगुणाबाईंनी आरशात पाहिलं, ओठ मागं ओढून पाहिलं, आणि खळखळून हसल्या. "आगं बया! डाक्टरीनबाई, मपलंच हाय का खरं? आता मपलं लगीन लावून द्या पुन्हा."

मॅडमही हसल्या. त्यांचा फोन वाजला म्हणून त्या बाहेर गेल्या. खोलीत दोघीच उरल्या. सत्यशीलानं मास्क काढला, चष्मा काढला, आणि खुर्चीजवळ जाऊन आईच्या अगदी तोंडाशी तोंड नेलं.

"आई, वास नाही गं आता. अजिबात नाही."

चांगुणाबाईंचं हसू थांबलं. हात वर गेला आणि पदर तोंडावर आला. सत्यशीलानं तो हात धरला. "आता कशाला? आता कशाला, आई?"

"आसू दे."

"मी चुकले. उष्टावणाच्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं. मला माफ कर."

"येडी का काय तू. वास येतच व्हता, त्याला तू काय करनार? खरं तेच बोलली."

"मग काढ की पदर."

चांगुणाबाईंनी ऐकलं. लेकीचं कधी मोडलं नाही तसं हेही मोडलं नाही. पदर खाली घेतला. पण ओठ घट्ट मिटलेले, मान भिंतीकडं वळलेली, आणि श्वास धरलेला. सत्यशीला वाट बघत होती. छातीत साठलेला श्वास शेवटी नाकावाटे हळूच सुटला, आणि चांगुणाबाईंनी तोंडापुढं हात धरला तेव्हाच त्यांना बोलता आलं.

"भ्या वाटतं गं. जगापुढं बोलते मी. तू जवळ आली की त्वांडच मिटतंय. मी काय मुद्दाम करते का? माझ्या हातात न्हाई ते, शिले."

सत्यशीलानं आईचा हात सोडला. हिरडीखालचं कीट कुठल्या हत्यारानं काढायचं हे तिला पाठ होतं. याला हत्यार नव्हतं. पुढचा पेशंट दाराशी आला होता. तिनं मास्क पुन्हा लावला, तेव्हा चांगुणाबाईंना जरा हायसं वाटल्याचं तिला दिसलं.

दुपारी ती त्यांना तारकपूर स्टँडवर घेऊन गेली. शेवगावची गाडी लागलीच होती. खिडकीची जागा मिळाली. "जा तू," चांगुणाबाई पदराआडून म्हणाल्या, "दवाखाना खोळंबला आसंल." सत्यशीला वळली. चार पावलं गेल्यावर तिला वाटलं, एवढं ऊन आहे, आईला पाणी घेऊन द्यावं. तिनं दुकानातून बाटली घेतली आणि परत आली.

खिडकीत चांगुणाबाई शेजारच्या बाईशी बोलत होत्या. ती बाई अनोळखी, मांडीवर टोपली घेतलेली. चांगुणाबाईंनी बोटानं ओठ बाजूला ओढून तिला हिरड्या दाखवल्या. त्यांचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता. "मपली लेक हाय ना तिथं, सावेडीला. तिच्याच दवाखान्यात. भूल देत्यात, काय बी दुखत न्हाई. मपली लेक लोकांचा हात धरून बसती. लई ग्वाड बोलती. तू जा, मपलं नाव सांग. चांगुणाबाईनं धाडलं म्हन." मग ती बाई काहीतरी म्हणाली आणि चांगुणाबाई मान मागं टाकून हसल्या, सगळे दात दाखवून.

गाडी सुटायला अजून पाच-सात मिनिटं होती. सत्यशीला बाटली घेऊन खांबाच्या आड उभी राहिली. खिडकीपर्यंत दहा पावलं होती. ती पुढं गेली असती तर आईनं तिला पाहिलं असतं, आणि हसणं तिथंच थांबलं असतं. म्हणून गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत ती खांबाआडूनच आईकडं बघत राहिली.